लोखंड गेले, नाव राहिले

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. तिथे दात नाही, दाढ नाही. नुसती हिरडी आणि तिच्याखाली लगेच जबड्याचे हाड. आपल्या तोंडात अशी फट नसते, म्हणून ती पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आली असेल त्याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्या फटीत काहीतरी आडवे बसवायचे आणि दोन्ही टोकांना पट्टे बांधायचे, एवढ्या युक्तीवर माणूस चार-पाचशे किलोचे जनावर वळवू लागला. हे कधी सुरू झाले, यावर पुरातत्त्वज्ञांचे भांडण अजून मिटलेले नाही. कझाकस्तानातल्या बोताई इथे सुमारे 5500 वर्षांपूर्वीचे घोड्यांचे दात मिळाले. त्यांवरची झीज लगामाची, असे एक पक्ष म्हणतो. रानघोड्याच्या दातांवरही अशी झीज आपोआप होते, असे दुसरा म्हणतो.

या प्रकरणात मात्र ती फट रिकामीच राहणार आहे. तोंडात काहीही न घालता, नाकाच्या हाडावर बसवलेल्या वेढ्याने घोडा चालवायचा एक साज आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातले गुराखी त्याला 'हॅकमोर' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द 'हाक मार' असा ऐकू येतो, आणि घोड्याला नुसती हाक मारून चालवायचे म्हणून हे नाव, अशी व्युत्पत्ती सांगायचा मोह मलाही झाला होता. भाषाशास्त्रात असल्या मोहांना थारा नाही. खरी गोष्ट त्याहून मजेदार आहे. तोंडात सळई नसलेल्या या साजाचे नाव ज्या अरबी शब्दापासून आले, त्याचा अर्थच मुळी 'तोंडातली सळई' असा आहे.

अरबीत तो शब्द 'शकीमा'. लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या जिभेवर आडवा पडतो, तो शकीमा. चांगला ताठ घोडा ही सळई दातांत धरून ठेवतो आणि स्वाराला दाद देत नाही. त्यावरून अरबीत 'शदीद अश्-शकीमा' म्हणजे 'सळईचा कडक' हा वाक्प्रचार रूढ झाला. तो घोड्यापेक्षा माणसांनाच जास्त लावतात: करारी, कुणापुढे न वाकणारा. मराठीत आपण जिभेला लगाम घालतो, खर्चाला लगाम घालतो. लगाम म्हटला की आपल्याला आवर आठवतो. अरबांना त्याच लोखंडात घोड्याचा ताठा दिसला.

711 साली उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर फौजा सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या. 1492 मध्ये ग्रानाडा पडेपर्यंत स्पेनच्या लहानमोठ्या भागावर मुसलमानी सत्ता होती. इतक्या शतकांच्या लढायांत आणि शेजारात स्पॅनिश लोकांनी शत्रूकडून पुष्कळ घेतले, आणि तबेल्यातले तर फारच घेतले. स्पॅनिशमध्ये घोडेस्वाराला 'हिनेते' म्हणतात. तो शब्द झेनाता नावाच्या बर्बर जमातीवरून आला. या झेनातांची बसण्याची पद्धत वेगळी होती. रिकीब आखूड, गुडघे वाकलेले, शरीर हलके, घोडा क्षणात वळवायचा. युरोपातला चिलखती सरदार लांब रिकिबीत पाय ताठ ठेवून बसे. स्पेनमध्ये या दोन्ही पद्धतींना वेगवेगळी नावे होती आणि दोन्ही प्रकारे बसता येणे हे खानदानी स्वाराचे लक्षण मानले जाई.

घोड्याच्या साजशृंगाराला स्पॅनिशमध्ये 'हाएस' म्हणतात. हाही अरबी शब्द. मुळात 'जहाझ', म्हणजे सरंजाम, सामानसुमान. हाच शब्द पूर्वेकडे फारसीतून फिरत आपल्याकडे आला तो 'जहाज' होऊन. तिकडे तो घोड्याच्या पाठीवर चढला, इकडे पाण्यात उतरला. घोड्याच्या सामानाचे शब्द असेच असतात. घोड्याबरोबर चालत जातात आणि ज्या गावी मुक्काम पडेल तिथली बोली उचलतात. आपला 'लगाम' फारसीतून आला. त्याच्याही आधी संस्कृतात 'खलीन' शब्द होता, तो ग्रीक 'खालिनोस'वरून आलेला. 'जेरबंद' हा शब्द वर्तमानपत्रांत आता फक्त बिबट्यांसाठी आणि फरारी आरोपींसाठी उरला आहे. तो मुळात घोड्याने मान वर उडवू नये म्हणून खालून बांधायचा पट्टा.

आंदालुसियातल्या अरबीतून शकीमा स्पॅनिशमध्ये गेली ती 'शाकिमा' होऊन. मात्र स्पॅनिश कोशात तिचा अर्थ पाहिला तर लोखंड कुठेच दिसत नाही. जनावराला बांधण्यासाठी आणि ओढून नेण्यासाठी डोक्यात घालायचा दोरीचा साज, एवढाच अर्थ. खेड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे एका शब्दात सांगता येते: म्होरकी. बैलाच्या तोंडाभोवती आणि शिंगांमागून घेतलेली दोरी.

सळईची म्होरकी कशी झाली? मला तरी यात नवल वाटत नाही. आपण 'लगाम' म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? तोंडातले लोखंड, गालावरचे पट्टे की स्वाराच्या हातातली वादी? तिन्ही, आणि तिन्ही मिळून होते तेही. एका तुकड्याचे नाव सगळ्या साजाला लागते. मग एखाद्या खेचरवाल्याने त्या साजातले महागडे लोखंड काढून टाकले आणि नुसती दोरी ठेवली, तरी नाव बदलायचे कारण पडत नाही.

नावाचा उच्चार मात्र बदलला. जुन्या स्पॅनिशमध्ये ज्या अक्षराचा उच्चार 'श' होई, तो 16व्या आणि 17व्या शतकात घशात सरकत सरकत 'ख'सारखा झाला, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत तर मवाळ 'ह' झाला. 'शेरेस' गावची दारू इंग्रजांनी हा बदल होण्याआधी ऐकली म्हणून ती 'शेरी' राहिली. आज त्या गावाला स्पॅनिश लोक 'खेरेस' म्हणतात. शाकिमेची 'हाकिमा' झाली ती याच वाटेने. अमेरिकनांनी हा शब्द दोन-तीनशे वर्षे आधी उचलला असता तर आज तो 'शॅकमोर' असता.

समुद्रापलीकडे घोडे नेण्याची सुरुवात कोलंबसाने 1493च्या दुसऱ्या सफरीत केली. 1519 मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ 16 घोडे होते. त्याच्या फौजेतला बेर्नाल दियास याने म्हातारपणी लिहिलेल्या इतिहासात या घोड्यांची यादी दिली आहे: कुणाचा कुठला, रंग कोणता, पळायला कसा. एक घोडी तर प्रवासात जहाजावरच व्याली. इतक्या वर्षांनी त्या शिपायाला सोबत्यांइतकेच घोडे आठवत होते, हे वाचताना बरे वाटते. पुढे त्याच घोड्यांच्या बळावर काय घडले ते मात्र बरे वाटण्यासारखे नाही.

जिंकलेल्या मुलखात स्थानिक लोकांनी घोड्यावर बसू नये असे हुकूम निघाले. पण गाईगुरे हजारोंनी वाढली, राखायला माणसे हवी होती, आणि हुकूम हळूहळू कागदावर राहिले. कुरणांवर काम करणारे, बहुतेक मूळनिवासी किंवा मिश्र वंशाचे हे गुराखी म्हणजे 'बाकेरो'. गाईला स्पॅनिशमध्ये 'बाका' म्हणतात, तिचा राखणदार तो बाकेरो. 1769 मध्ये सान दिएगोला पहिले मिशन उभे राहिले आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने अशी 21 मिशने झाली. तिथली गुरे कातडी आणि चरबी यांसाठी पाळत. माणसे थोडी, जमीन अफाट, कुंपण कुठे नाही आणि घोड्यांना तोटा नाही. घाई करण्याचे कारणच नव्हते. हॅकमोरची कला पिकली ती या निवांतपणात.

या साजाचे मुख्य अंग म्हणजे नाकावरचा वेढा, त्याला 'बोसाल' म्हणतात. कच्च्या कातड्याच्या वाद्या कातडी गाभ्यावर घट्ट विणून तो करतात. आकार अश्रूच्या थेंबासारखा. नाकाच्या हाडावर जाडसर भाग, हनुवटीमागे एक जड गाठ. नव्या घोड्याला पाऊण इंच जाडीचा, मग अर्ध्या इंचाचा, असे करत शेवटी पेन्सिलीइतका बारीक. स्पॅनिशमध्ये 'बोसाल' हे मुसक्याचे नाव. मळणीच्या वेळी बैलाने कणसांत तोंड घालू नये म्हणून आपल्याकडे त्याच्या तोंडाला दोरीचे जाळीदार मुसके बांधतात, तेच. या शब्दाला एक काळा इतिहासही आहे. आफ्रिकेतून नुकत्याच पकडून आणलेल्या, स्पॅनिश न येणाऱ्या गुलामाला 'बोसाल' म्हणत. न शिकवलेल्या घोड्यालाही तेच विशेषण होते. माणूस आणि जनावर यांच्यासाठी एकच शब्द वापरायला त्या काळाला काही वाटले नाही.

बोसालाला बांधतात ती दोरी 'मेकाते'. साधारण 22 फुटांची, घोड्याच्या आयाळीच्या केसांची वळलेली. तिचेच वेढे घेऊन लगाम होतो आणि उरलेल्या टोकाची ओढून नेण्याची दोरी. केसाची दोरी मानेला किंचित टोचते, म्हणून नुसती मानेला टेकली तरी घोड्याला कळते. हा शब्द अरबी नाही आणि मूळचा स्पॅनिशही नाही. तो अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला 'मेकात्ल', म्हणजे दोर. ज्या लोकांनी घोडा कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्या भाषेने घोड्याला दोर दिला. तिसरा तुकडा 'फियादोर': गळ्याखालून घेतलेली दुहेरी दोरी, बोसाल डोक्यावरून निसटू नये म्हणून. स्पॅनिशमध्ये फियादोर म्हणजे जामीन राहणारा माणूस. बोसालासाठी ही दोरी जामीन राहते.

19व्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी बोलणारे लोक या मुलखात लोटले. 1848 नंतर सोन्याच्या मागे, 1850 नंतर अमेरिकेचे राज्य म्हणून. त्यांनी बाकेरोंकडून घोड्याचे सगळे शिकून घेतले, शब्दांसकट, फक्त शब्द कानाला वाटेल तसे उचलले. हाकिमाचे 'हॅकमोर' झाले. मेकातेचे 'मॅकार्टी' झाले, जणू कुणी आयरिश गृहस्थ. फियादोरचे 'थिओडोर' झाले. 'ला रेआता', म्हणजे फासाची दोरी, अख्खीच्या अख्खी गिळून 'लॅरिअट' झाली. दोरीचा वेढा खोगिराच्या खुंटीला घालणे म्हणजे स्पॅनिशमध्ये 'दार ला वुएल्ता', वेढा दे. त्याचे 'डॅली' झाले. आणि खुद्द बाकेरोचा झाला 'बकरू'. आपल्या पलटणीतले शिपाई 'हू कम्स देअर'चे 'हुकुमदार' करत, त्या जातीचीच ही कारागिरी. हसावे की कौतुक करावे, असा प्रश्न मला पडत नाही. मी दोन्ही करतो.

आता हा साज काम कसा करतो ते पाहू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. हॅकमोर ओढायचा नसतो. बोसाल नाकावर तोलून, थोडा सैल बसलेला असतो. स्वार एका बाजूची दोरी जराशी उचलतो, वेढा हलतो, नाकाच्या आणि जबड्याच्या बाजूला स्पर्श होतो, घोडा मान वळवतो आणि त्याच क्षणी दोरी सैल पडते. शिकवतो तो हा सैल पडण्याचा क्षण. दोरी ताणून धरली तर घोडा तिच्यावर रेलायला शिकतो, आणि नाकावर रेललेल्या घोड्याला थांबवायला माणसाच्या दंडात बळ नाही. तोंडातल्या लोखंडाने वाईट स्वाराची चूक थोडी झाकली जाते. हॅकमोर ती उघडी पाडतो.

म्हणून 'तोंडात लोखंड नाही म्हणजे घोड्याला त्रास नाही' हे समीकरण मला पटत नाही. घोड्याच्या नाकाचे हाड खाली जाता जाता पातळ होते आणि पुढे नुसती कूर्चा उरते. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो; वेढा दोन बोटे खाली बसला की त्याचा श्वासच अडतो. स्पेनमध्येच 'सेर्रेता' नावाची नाकावरची धातूची पट्टी आहे. तिला आतून करवतीसारखे दाते असतात आणि ती वापरलेल्या घोड्यांच्या नाकांवर वण दिसतात. यंत्रवजा हॅकमोर म्हणून जो प्रकार दुकानात मिळतो, त्याला दोन्ही बाजूंना लांब धातूच्या दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. स्वाराची ओढ तरफेने कितीतरी पट होऊन नाकावर आणि जबड्यावर पडते. त्याचा बाकेरोंच्या साजाशी नावापुरताच संबंध. आपल्या बैलाच्याही तोंडात कधी लोखंड नव्हते, पण त्याच्या नाकात वेसण होती.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले पशुवैद्यक रॉबर्ट कुक यांनी सळईच्या विरोधात अनेक वर्षे लिहिले. तोंडात काही आले की घोड्याचे शरीर चरण्याच्या तयारीला लागते, लाळ सुटते, गिळणे सुरू होते; आणि आपण त्याच वेळी त्याला धावायला सांगतो, असा त्यांचा मुद्दा. जबड्याखाली पट्टे एकमेकांना छेदून जातील असा साज त्यांनी प्रचारात आणला. त्यात दाब एका जागी न पडता डोक्यावर पसरतो. आंतरराष्ट्रीय नियम मात्र दोन दगडांवर पाय ठेवून उभे आहेत. अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत बिनसळईचा साज चालतो. ड्रेसाज या शिस्तीच्या स्पर्धेत तोंडात सळई सक्तीची. घोड्याला त्या चाली सळईवाचून येतच नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी रोममधला त्रायानस सम्राटाचा स्तंभ पाहावा. इ.स. 113 मधल्या त्या कोरीव कामात उत्तर आफ्रिकेचे घोडदळ भरधाव लढाईत घुसते आहे आणि घोड्यांच्या तोंडात काही नाही. त्याच मुलखातल्या नुमिडियन स्वारांबद्दल लिव्हीने आधीच लिहून ठेवले होते की त्यांचे घोडे बिनलगामाचे असतात.

सळई हवी की नको, हे या वादाचे दोन पक्ष. कॅलिफोर्नियाचा जुना बाकेरो दोन्हींत बसत नाही. तो हॅकमोर वापरी तो घोड्याचे तोंड सळईसाठी राखून ठेवावे म्हणून.

घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला पडतात. दाढांचीही अदलाबदल याच वयात चालू असते. पाचव्या वर्षापर्यंत तोंडात काहीतरी दुखत, हलत, उगवत असते. अशा तोंडात लोखंड घातले की घोडा ते चावतो, मान झटकतो, आणि ही सवय जन्मभर राहते. म्हणून सुरुवातीची एखाद-दोन वर्षे नुसता हॅकमोर. अमेरिकेतल्या क्वार्टर घोड्यांच्या स्पर्धांत आजही 5 वर्षांपर्यंतचा घोडा बोसालात उतरवता येतो, त्यामागे हेच गणित. त्यानंतर 'दोन लगामां'चा टप्पा: बारीक बोसाल आणि तोंडात सळई, दोन्ही एकाच वेळी, हातात लगामाच्या दोन जोड्या. घोडा सांगणे बोसालाचे ऐकतो, लोखंड नुसते तोंडात बाळगतो. महिन्यामहिन्याने भार एकावरून दुसऱ्यावर सरकतो. शेवटी येते ती खास कॅलिफोर्नियाची सळई, मधोमध फावड्यासारखा उभा तुकडा असलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती छळाचे हत्यार वाटते, आणि अडाण्याच्या हातात ती तशीच होईल. पण इतकी वर्षे शिकलेल्या घोड्याला ती ओढावी लागत नाही. लगाम झोळ पडलेला असतो आणि स्वाराने करंगळी हलवली तरी सळईचा तोल बदललेला घोड्याला कळतो.

या शिकलेल्या घोड्याच्या डोक्यात चांदीकाम केलेला साज असतो, पण नीट पाहिले तर त्याच्या आत, नाकावर, पेन्सिलीइतका बारीक बोसाल अजून बांधलेला दिसतो. त्याला लगाम नाही. एक पातळ केसाची दोरी तेवढी त्याला जोडून खोगिराशी अडकवलेली. स्वार खाली उतरला की चांदीच्या सळईचा लगाम हातात धरून घोडा नेत नाही. ते तोंडाला लागेल. तो लगाम खोगिरावर टाकतो, केसाची दोरी सोडवून घेतो आणि घोड्याला पाण्यावर घेऊन जातो, म्होरकीने.